कवितेला सवलत नको

गेल्या पावसाळ्यात एका अनुदानित महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावरून दोन कागद उतरवण्यात आले. एक कविता होती, कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याची. दुसरा कागद साध्या गद्याचा. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर जमा होत नाही आणि चौकशीला गेलेल्या मुलांशी कार्यालयात कसे बोलले जाते, एवढेच त्यात लिहिलेले. लिहिणारी मुलगी वाणिज्य शाखेची. कवितेत एका थोर पुरुषाच्या पुतळ्याला उद्देशून काही ओळी होत्या व त्यांमुळे 'भावना दुखावतील' असे कोणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातले होते. प्राचार्य सज्जन. त्यांनी मराठी विभागाकडे लेखी अभिप्राय मागितला: सदर कविता वाङ्मयीन दृष्ट्या कशी आहे? आमच्यापैकी दोघे त्या विभागात शिकवतात. त्यांनी, आणि खरे तर फोनवरून आम्ही सर्वांनीच मिळून, दीड पानाचा मजकूर सिद्ध केला. त्यात प्रतिमासृष्टी होती, विद्रोही काव्याची परंपरा होती, 'उपरोधाचे अनेकस्तरीय उपयोजन' होते. कविता पुन्हा लागली. विभागात चहा झाला.

कविता सामान्य होती, हे इथेच सांगून टाकतो. पुतळा, कावळा आणि बधिर शहर या तीन गोष्टी नवकवितेपासून आजवर जितक्या वेळा एकत्र आल्या असतील, त्यात आणखी एकदा. आम्ही अभिप्रायात जे लिहिले ते वर्गात कोणी लिहिले असते, तर लाल शाईने खोडले असते. पण ते असो. दुसरा कागद कुठे गेला, हे विचारायचे आम्हांला सुचलेच नाही. तीन आठवड्यांनी ती मुलगी स्वतः विभागात आली आणि माझ्या कागदाचे काय, असे तिने विचारले. 'ते काही साहित्य नाही,' हे उत्तर आमच्यातल्या एकाच्या ओठांवर आले होते. ते बाहेर पडले नाही, एवढीच आमची पुण्याई.

तेव्हापासून आमच्या गटात जो वाद चालू आहे, त्यातून निघालेले मत येथे मांडत आहोत. ते आमच्याच बिरादरीच्या विरुद्ध जाते याची जाणीव आहे. मत असे: मराठी साहित्यव्यवहाराने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न वर्षानुवर्षे कलास्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून लढवला आणि असे करताना एका नागरी हक्काचे रूपांतर गुणवंतांना मिळणाऱ्या सवलतीत केले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडात भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य 'सर्व नागरिकांना' दिलेले आहे. तेथे लेखक हा शब्द नाही, कलावंत हा शब्द नाही, अभिजात, दर्जेदार, आशयघन यांपैकी काहीही नाही. ज्याला यमक जुळवता येत नाही त्यालाही ते स्वातंत्र्य आहे. इतकी साधी गोष्ट आम्ही साहित्याचे अध्यापक विसरलो, कारण ती विसरण्यात आमचा फायदा होता. कोणते लेखन बोलू द्यावे हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ लागत असेल, तर तो तज्ज्ञ म्हणून आम्हांलाच बोलावले जाणार.

ही सवय कशी लागली, ते पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९३४ साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला चालला. मजकूर म्हणजे वाचकांनी कामजीवनाविषयी विचारलेले प्रश्न आणि त्यांना संपादकांनी दिलेली उत्तरे. कर्व्यांची बाजू मांडायला उभे होते बॅरिस्टर आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही आणि माणसांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना उत्तरे मिळाली पाहिजेत, अशा आशयाचा तो युक्तिवाद होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आम्हांला या प्रसंगातले जे महत्त्वाचे वाटते ते हे की, कर्व्यांच्या लेखनाला कलेचा आडोसा उपलब्धच नव्हता. गणिताच्या या प्राध्यापकाचे गद्य रोखठोक, कोरडे, अलंकाराला वैरी. 'ही कला आहे' असे म्हणण्याची सोय नसल्यामुळे बचावाला सरळ मुद्द्यालाच हात घालावा लागला: माणसाला बोलण्याचा, विचारण्याचा, जाणून घेण्याचा हक्क आहे की नाही? पंधरा वर्षांनी ज्या मसुदा समितीने हा हक्क घटनेत लिहून काढला, तिचे अध्यक्ष हेच बॅरिस्टर होते. (१९५१ साली त्याच हक्कावरचे निर्बंध वाढवणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीची बाजू कायदामंत्री या नात्याने त्यांनीच संसदेत मांडली, हेही विसरू नये. आम्ही देव्हारे मांडायला बसलेलो नाही.)

याउलट १९६४ चा रणजित उदेशी खटला घ्या. मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानाच्या चार भागीदारांपैकी उदेशी एक. 'लेडी चॅटर्लीज लव्हर'ची प्रत विकली, हा गुन्हा. बचावासाठी मुल्कराज आनंद यांच्यासारखा मातब्बर कादंबरीकार साक्षीला उभा राहिला आणि त्याने लॉरेन्सच्या कलाकृतीची थोरवी सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकून घेतली, १८६८ सालची इंग्लंडमधली हिक्लिन कसोटी लावली आणि शिक्षा कायम ठेवली. शिक्षा भोगली विक्रेत्याने. कादंबरी थोर की सुमार, हा प्रश्न त्याच्या धंद्याशी कितपत संबंधित होता? दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हवे ते पुस्तक देता येणे हा त्याचाही हक्क होता आणि त्या गिऱ्हाइकाचाही. पण खटल्याच्या केंद्रस्थानी बसला लॉरेन्स.

पुढे १९६९ साली भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवाद मिळाला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम २९४ मध्येही तो अपवाद कायम आहे. साहित्यिकांनी त्या दुरुस्तीचे स्वागत केले आणि तत्कालीन परिस्थितीत ते स्वाभाविकही होते. पण अपवाद म्हणजे काय? नियम मान्य आहे आणि आम्हांला तेवढे वगळा, असे म्हणणे. दाराशी पहारेकरी राहू द्या, आमच्या पाहुण्यांना चिठ्ठी आम्ही देऊ. साहित्याच्या प्राध्यापकाला चिठ्ठी देणाऱ्याचे पद मिळाले ते असे, आणि ते त्याने आजतागायत सोडलेले नाही.

गंमत अशी की, त्याच १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी कथेला निर्दोष ठरवताना आपल्याला वेगळा रस्ता दाखवून ठेवला होता. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. काकोडकर हे त्या काळी भरपूर खपणारे आणि समीक्षकांनी भरपूर दुर्लक्षिलेले लेखक. खालच्या न्यायालयात निर्दोष, उच्च न्यायालयात दोषी, सर्वोच्च न्यायालयात मुक्त. आणि मुक्त करताना न्यायालयाने कथेचे कौतुक केले असेल असे कोणाला वाटत असेल, तर त्याने निकालपत्र जरूर वाचावे. लेखनगुणांच्या बाबतीत त्यात कथेच्या वाट्याला काही चांगले आलेले नाही. कथा सुमार असू शकेल, पण तेवढ्याने ती वाचकाला बिघडवणारी ठरत नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणजे 'वाईट लिहिण्याचा' हक्क मराठी माणसाला सर्वोच्च न्यायालयात १९६९ सालीच मिळालेला आहे. मर्ढेकरांवरील खटला आपण प्रत्येक बी.ए.च्या वर्गात शिकवतो, 'काही कविता' निर्दोष सुटल्याचे अभिमानाने सांगतो. 'श्यामा'चा निकाल आम्ही एकाही वर्गात शिकवलेला नाही. मर्ढेकर थोर कवी होते, हे सांगताना आपल्याला बरे वाटते. काकोडकरांच्या बाबतीत सांगण्यासारखे दुसरे काही नसते, फक्त हक्क उरतो.

आणि फक्त हक्क उरला की तो अधिक स्पष्ट दिसतो. ज्या निवाड्यांनी हे स्वातंत्र्य रुंदावले ते कशावरून झाले, हे एकदा नजरेखालून घालावे. १९५० सालचा रोमेश थापर खटला: मुंबईहून निघणारे 'क्रॉस रोड्स' हे डाव्या मताचे राजकीय साप्ताहिक, त्याला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी घातली. १९६१ सालचा 'सकाळ'चा खटला तर आमच्या मते प्रत्येक मराठी वाचकाला तोंडपाठ असायला हवा. किती पाने द्यायची तर किंमत किती ठेवायची, हे सरकार ठरवू पाहत होते. त्यासाठी १९५६ चा कायदा होता आणि त्याखाली १९६० चा आदेश निघाला. पुण्याच्या या दैनिकाने त्याला आव्हान दिले, वाचकांच्याही याचिका त्यासोबत होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने कायदा व आदेश दोन्ही रद्दबातल ठरवले. अंकाची पाने आणि खप हेही अभिव्यक्तीचेच अंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. विषय काय, तर वर्तमानपत्राची किंमत! त्यात सौंदर्यशास्त्राला जागाच नाही. पण वाचक हा केवळ आस्वादक नसून हक्कदार आहे, ही गोष्ट आमच्या साऱ्या आस्वादक समीक्षेपेक्षा तिथे अधिक नेमकी सांगितली गेली.

आता २०१५ सालातल्या दोन तारखांकडे येऊ. त्या शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज आमचे म्हणणे पुरे होत नाही.

२४ मार्च २०१५. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. या खटल्याला निमित्त झाली होती पालघरची घटना: नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्या ओळींत साहित्य शोधायला कोणी गेले नाही. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत व कायद्याचा हात फक्त तिसरीपर्यंत पोचू शकतो, असे न्यायालयाने स्वच्छ सांगितले.

१४ मे २०१५. त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठापुढे वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा निकाल लागला. ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत वितरणाच्या नियतकालिकात छापली गेली होती. तक्रार झाली, खटला लातूरच्या न्यायालयात पडून राहिला, आणि एकवीस वर्षे ही कविता तारखांवर तारखा घेत जिल्हा न्यायालयातून उच्च व तेथून सर्वोच्च न्यायालयात आली. तेथे काव्यस्वातंत्र्याची बाजू देशातल्या नामवंत वकिलांनी मांडली. महात्मा गांधींवर लिहिल्या गेलेल्या कितीतरी कवितांचा, जगभरच्या वाङ्मयाचा दाखला निकालपत्रात आहे. ते वाचताना एखाद्या विद्यापीठाच्या चर्चासत्राचा वृत्तान्त वाचतो आहोत असा भास होतो. आणि शेवटी? इतिहासात आदरणीय ठरलेल्या व्यक्तीचे नाव वापरले असेल तर समकालीन समाजमानाची कसोटी अधिक कठोरपणे लागेल, असे न्यायालयाने ठरवले. संपादकाने आधीच माफी छापली होती म्हणून तो सुटला, मुद्रक-प्रकाशकही सुटला. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असा आदेश झाला.

दोन निकालांमध्ये अंतर एक्कावन्न दिवसांचे. फेसबुकावरचे गद्य वाक्य मोकळे, कविता पिंजऱ्यात. कायद्याचे अभ्यासक म्हणतील, कलमे वेगळी होती. एकीकडे कायद्याच्या वैधतेचा प्रश्न होता, दुसरीकडे आरोप ठेवण्यापुरता मजकूर आहे का एवढाच. हे आम्हांला मान्य आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. पालघरच्या मुलींसाठी जो युक्तिवाद झाला तो कोणाही नागरिकासाठी चालणारा होता. गुर्जरांसाठी जो झाला त्यात कवीला काही विशेष मोकळीक असते, असे गृहीत होते. विशेष मोकळीक मागणाऱ्याला विशेष जबाबदारीही सांगितली जाते आणि न्यायालयाने तेच केले. थोर पुरुषांसाठी वेगळी पट्टी काढणे कितपत घटनासंमत आहे, हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारायला आपली साहित्यसंस्कृती फारशी पुढे आली नाही. ती कविता चांगली आहे का, तिची भाषा आवश्यक होती का, अरुण कोलटकरांनी हेच कसे लिहिले असते, यावर मात्र बोलणे झाले. त्यात आम्हीही होतो.

अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात निर्बंधांची यादी आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधाला चिथावणी. निर्बंध कायद्यानेच घालता येतो, आणि तो वाजवी असला पाहिजे. 'वाजवी' हा शब्द १९५१ च्या दुरुस्तीने आला, हे त्या दुरुस्तीचे एकमेव पुण्य. या यादीत आदरणीय व्यक्ती नाहीत. दुखावलेल्या भावनाही नाहीत. १९२७ सालच्या कलम २९५अ च्या पाठीवर बसून, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या दारातून त्या आत आल्या (१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तसे आत घेतले) आणि आता न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये राहतात. ही यादी पुरी आहे, तिच्यात नवी कारणे घुसडता येणार नाहीत, असे घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सांगितले. मराठी विभागांतून 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि साहित्य' या विषयावर दर वर्षी जी चर्चासत्रे होतात, त्यांत या आठ बाबींची यादी फळ्यावर लिहिलेली आम्ही कधी पाहिलेली नाही. 'स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे' हे वाक्य मात्र प्रत्येक उद्घाटनात ऐकले आहे. हे वाक्य घटनेत कुठेही नाही. बोलणाराला निर्बंधाचे कारण सांगायचे नसते तेव्हा ते वापरतात.

येथे एक आक्षेप येतो व तो आम्ही हलका मानत नाही. दलित चळवळीतून आलेले आमचे मित्र म्हणतात: तुम्ही गुणवत्तेची अट काढून टाकता, मग जातीवरून शिवी देणाऱ्याच्या हातीही तुमचे १९(१) येईल. ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके फक्त ऐकणे आले त्यांना बोलणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे कौतुक सांगू नका. आमचे उत्तर एवढेच की, जातिवाचक अपमानाला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या मागे घटनेचा अनुच्छेद १७ उभा आहे, आणि त्या कायद्यापुढे शिवी देणारा कादंबरीकार आहे की मुकादम हे गैरलागू असते. उलट कलेची सवलतच शिवीला संरक्षण देते. 'पात्राच्या तोंडची भाषा आहे', 'ग्रामीण वास्तवाचा आविष्कार आहे' म्हणून काय काय पचवले गेले ते मराठी कथेच्या वाचकाला सांगायला नको.

आणि याच मित्रांच्या इतिहासात आमच्या मताला सर्वांत बळकट पुरावा आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली डॉ. आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होते. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावर काही संघटनांनी गदारोळ केला आणि शासन ते वगळायला निघाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आंबेडकरी जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिले, शासन त्यातील मतांशी सहमत असेलच असे नाही, अशा आशयाची टीप तेवढी आली. त्या मोर्चात आलेल्या हजारो स्त्री-पुरुषांपैकी कितीजणांनी ते इंग्रजी परिशिष्ट वाचले असेल? बहुधा फार थोड्यांनी. पण आपल्या माणसाने लिहिलेले पान सरकार फाडू शकत नाही, हे त्यांना कोणत्याही समीक्षकापेक्षा नीट कळत होते. त्यांनी ग्रंथाच्या शैलीचा दाखला दिला नाही. त्यांनी नागरिक म्हणून रस्ता अडवला.

त्यानंतरच्या आमच्या, म्हणजे साहित्यिकांच्या, इतिहासात माघारच अधिक दिसते. जेम्स लेन यांच्या शिवाजीवरील पुस्तकावर महाराष्ट्र शासनाने जानेवारी २००४ मध्ये बंदी घातली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी नोव्हेंबर २००३ मध्येच प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. बंदी उच्च न्यायालयाने २००७ साली उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. प्रकाशकाच्या माघारीवर मात्र अपील करायचे कुठे? २००९ साली आनंद यादवांनी 'संतसूर्य तुकाराम' कादंबरी मागे घेतली, महाबळेश्वरच्या संमेलनाचे अध्यक्षपद सोडले, आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. २०१९ साली यवतमाळच्या संमेलनाचे उद्घाटन करण्यासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी परत घेतले. या तीनही प्रसंगी सरकारी हुकूम नव्हता. म्हणून हक्काचा भंगही झाला नाही, असे तांत्रिक दृष्ट्या म्हणता येते. मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध असतात, हे पुस्तकी उत्तर आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. कौशल किशोरच्या निकालात बहुमताने त्याही उत्तराला छेद दिला व अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क राज्येतर व्यक्तींविरुद्धही मागता येतात असे म्हटले; त्याचा प्रत्यक्षात उपयोग कसा होईल ते पुढे दिसेल. पण जमावाच्या भीतीबाबत तर जुनाच निवाडा पुरेसा आहे: १९८९ साली एस. रंगराजन खटल्यात, निदर्शनांची व हिंसेची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, सुव्यवस्था राखणे हे राज्याचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. यादवांच्या मागे कोणी हा निवाडा घेऊन उभे राहिले होते का? तुकारामाचे चरित्र कसे लिहावे यावर मात्र परिसंवाद झाले.

२०२२ च्या डिसेंबरात राज्य शासनाने 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार रद्द केला, तेव्हा आमच्यातल्या एकाने निषेधाचा मजकूर तयार केला होता. त्यात दुसरेच वाक्य 'अनुवाद अत्यंत सकस आहे' असे होते. ते काढावे की ठेवावे यावर आमची तासभर चर्चा झाली आणि आम्ही ते ठेवले. आज काढले असते.

दुर्गाबाई भागवतांचे नाव अशा लेखात येतेच, म्हणून थोडे त्याविषयी. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या संमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, अध्यक्ष दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध भूमिका घेतली. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. या प्रसंगाचे आपण 'लेखकाचा बाणा' असे चित्र काढून भिंतीवर टांगले आहे. आम्हांला तो लेखकाचा बाणा वाटत नाही. त्या वेळी तुरुंगात हजारो माणसे होती आणि त्यांतली बहुतेक लेखक नव्हती. दुर्गाबाई त्यांच्यासाठी बोलत होत्या. व्यासपीठ साहित्याचे होते, एवढाच साहित्याचा संबंध.

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका उर्दू कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेला हा निकाल चांगला आहे. असुरक्षित मनाच्या माणसाच्या मापाने शब्द मोजू नयेत, गुन्हा नोंदवण्यापूर्वी पोलिसांनी मजकूर नीट वाचावा व त्याचा अर्थ पाहावा, बहुसंख्यांना न आवडणारे मतही संरक्षणाला पात्र आहे, हे त्यात आहे. आमच्या ओळखीच्या अनेकांनी हा 'कवितेचा विजय' म्हणून साजरा केला. निकालात कवितेविषयी, साहित्याविषयी गौरवाची वाक्ये आहेतच. पण पोलिसांना जे बजावले आहे ते कवितेपुरते नाही. ते बोललेल्या व लिहिलेल्या कोणत्याही शब्दाला लागू आहे, शिष्यवृत्तीच्या तक्रारीलाही.

त्या कागदाविषयी सांगायचे राहिले. ती मुलगी येऊन गेल्यानंतर विभागातल्या आमच्या दोघांनी प्राचार्यांना दुसरे पत्र दिले. या वेळी ते सात ओळींचे होते. भित्तिपत्रकावरून उतरवलेला गद्य मजकूर कोणत्या कारणासाठी उतरवला ते लेखी कळवावे, कारण नसल्यास तो पुन्हा लावावा, आणि यापुढे कोणत्याही मजकुराच्या वाङ्मयीन गुणवत्तेविषयी विभाग अशा कामासाठी अभिप्राय देणार नाही, असे त्यात लिहिले. उत्तर दहा दिवसांनी आले, जावक क्रमांकासह: 'सदर मजकूर साहित्यिक स्वरूपाचा नसल्याने मराठी विभागाने त्याबाबत पत्रव्यवहार करण्याचे प्रयोजन दिसून येत नाही.' तिसरे पत्र आता विभागाच्या नावाने जाणार नाही. त्या मुलीच्या सहीखाली आम्ही आमच्या सह्या करणार आहोत, हुद्दे न घालता.